कोटाखालचं पिस्तूल: अमेरिकेतल्या परवान्याच्या वादात नेमकं काय बदलतं

नॉर्थ कॅरोलायनात अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस कमरेला पिस्तूल लावून, ते चारचौघांना दिसेल असं ठेवून रस्त्याने चालला, तर सर्वसाधारणपणे त्याला कसलाही परवाना लागत नाही. वाटेत थंडी वाजली म्हणून त्याने जॅकेट घातलं आणि पिस्तूल झाकलं गेलं, की तिथल्या तिथे तो गुन्हा ठरतो. पहिल्यांदा सापडला तर हलका गुन्हा, दुसऱ्यांदा सापडला तर थेट फेलनी, म्हणजे नोकरीपासून मतदानापर्यंत सगळ्याला झळ लावणारा गंभीर गुन्हा. पिस्तूल तेच, माणूसही तोच. मध्ये आलं ते फक्त कापड.

हा विरोधाभास काढून टाकायचा म्हणून २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सेनेट बिल ५० मंजूर केलं. अठरा वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाला परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगता यावं, हा त्याचा गाभा. राज्यपाल जॉश स्टाइन यांनी २० जूनला त्यावर व्हेटो वापरला. प्रशिक्षणाची अट जाते आणि वय एकवीसवरून अठरावर येतं, हे त्यांचे मुख्य आक्षेप. जुलैअखेर सेनेटने तो व्हेटो फेटाळला आणि प्रश्न प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे व्हेटो उलटवायला तीन पंचमांश मतं लागतात. सगळे १२० सदस्य हजर असतील तर ७२. विधेयक आणणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे सदस्य होते ७१. एका मतासाठी किती खल होतो ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी, मॉरिसव्हिल, रॅले या भागात मराठी घरं भरपूर आहेत, आणि अशी बातमी आली की व्हॉट्सॅपवर दोन टोकं तयार होतात: "आता कुणीही बंदूक घेऊन फिरणार" आणि "काहीच बदलत नाही, गुन्हेगार आधीही परवाना घेत नव्हते". दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. परवान्याचा कायदा म्हणजे एकच खटका नसतो, त्यात सात-आठ वेगळे स्क्रू असतात. विधेयक कुठला स्क्रू फिरवतं आणि किती, हे न पाहता वाद घालणं म्हणजे न बघितलेल्या घराच्या भाड्यावरून भांडणं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली अनेक राज्यं उघड शस्त्र चालवून घेत आणि लपवलेल्या शस्त्राला बंदी करत. सरळ माणूस शस्त्र दाखवून वावरतो, लपवतो तो कपटी, अशी तेव्हाची समजूत होती. नॉर्थ कॅरोलायनातला जॅकेटचा गुन्हा त्याच समजुतीचा अवशेष आहे. विसाव्या शतकात समजूत उलटली. दिसणाऱ्या पिस्तुलाने लोक दचकू लागले आणि लपवलेलं पिस्तूल सभ्य ठरलं. मग प्रश्न आला, लपवायची परवानगी कुणाला द्यायची?

त्याची तीन उत्तरं निघाली. पहिलं: अर्जदाराने खास कारण दाखवावं आणि अधिकाऱ्याने मनाशी ठरवावं. न्यूयॉर्कमध्ये शंभरहून जास्त वर्षं हेच चाललं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ज्याने अर्ज केला असेल त्याला ही पद्धत पाठ असते: जिवाला धोका असल्याचं दाखवा, पोलीस अहवाल येऊ द्या, आणि तरीही नकाराची तयारी ठेवा. निवडणूक लागली की परवान्याचं शस्त्र ठाण्यात जमा करण्याची आपली पद्धत ऐकून टेक्ससचा माणूस हतबुद्ध होतो. दुसरं उत्तर: अटी आधीच लिहून ठेवायच्या, त्या पुऱ्या केल्या की परवाना द्यावाच लागेल, कारण विचारायचं नाही. फ्लोरिडाने १९८७ मध्ये हे केलं आणि पुढे बहुतेक राज्यं त्याच वाटेने गेली. नॉर्थ कॅरोलायनात ही पद्धत १९९५ पासून आहे. तिसरं: परवानाच नको. व्हर्मांटमध्ये तो कधीच नव्हता. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये तो ऐच्छिक केला. मार्च २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि जुलैमध्ये लुइझियाना आल्यावर अशा राज्यांची संख्या २९ झाली.

पहिली पद्धत २३ जून २०२२ रोजी संपली. ब्रुएन नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की घराबाहेर स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणं हा घटनात्मक हक्क आहे, आणि हक्क वापरायला खास कारण मागता येत नाही. न्यूयॉर्कबरोबर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड आणि हवाई यांनाही कायदे बदलावे लागले. पण त्याच निकालाच्या एका तळटिपेत लिहिलं आहे की पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण मागणारे परवाने चालतील. फक्त फी अवाच्या सवा किंवा विलंब अतोनात नसावा. थोडक्यात, परवाना काढून टाकणं ही घटनेची सक्ती नाही. तो राज्याचा राजकीय निर्णय आहे. वादात हे वाक्य सोयीस्करपणे गाळलं जातं.

आता नॉर्थ कॅरोलायनाचा सध्याचा परवाना उघडून पाहू. वय २१. अर्ज राहत्या काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाकडे. नव्या परवान्याची फी ८० डॉलर, बोटांच्या ठशांचे १० डॉलरपर्यंत वेगळे. मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहू देण्याचं संमतिपत्र. आठ तासांच्या मान्यताप्राप्त वर्गाचं प्रमाणपत्र. परवाना पाच वर्षांसाठी. कागदपत्रं हाती आल्यावर शेरीफला ४५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, पण खरा अडसर त्या आधीच असतो. मानसिक आरोग्याच्या नोंदी इस्पितळांकडून वेळेवर येत नाहीत आणि नोंदी येईपर्यंत ४५ दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. मोठ्या काउंट्यांत यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. परवानाच नको म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांचा राग तत्त्वावर कमी आणि या रांगेवर जास्त असतो. त्याला उपाय म्हणून नोंदी पाठवण्याची मुदत आवळता येते. त्यासाठी सगळा परवाना मोडायची गरज नाही.

वर्गात काय होतं? लेखी परीक्षा, आणि मैदानावर ३, ५ आणि ७ यार्डांवरून प्रत्येकी दहा अशा तीस गोळ्या. ७० टक्के लागल्या की पास. सात यार्ड म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर, दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. कागदाच्या न हलणाऱ्या आकृतीवर एवढं जमलं म्हणून रात्री पार्किंगमध्ये, थरथरत्या हातांनी जमेल असं कुणी जाणकार म्हणत नाही. वर्गाचा खरा उपयोग कायद्याच्या तासात आहे. प्राणघातक बळ कधी वापरता येतं, म्हणजे मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार समोर उभा असल्याची वाजवी खात्री असेल तेव्हाच. कुणी मोटार फोडून पळतोय म्हणून त्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही. भांडण आपण सुरू केलं असेल तर स्वसंरक्षणाचा दावा लंगडा पडतो. शरीरात दारूचा अंश असताना पिस्तूल लपवून बाळगता येत नाही, एक बिअरसुद्धा नाही. परवाना गेला की हे नियम जात नाहीत. ते सांगणारा तास तेवढा जातो.

परवाना जातो तेव्हा बाळगणाऱ्यावरचे निर्बंध कायद्यात सहसा राहतात. फेलनी झालेला, कौटुंबिक हिंसेत दोषी ठरलेला, बेकायदा अमली पदार्थ घेणारा आधीही पिस्तूल हातात धरू शकत नव्हता, पुढेही नाही. संघराज्याच्या कायद्याने गांजा अजून बेकायदाच आहे, त्यामुळे राज्यात तो दुकानात मिळत असला तरी गांजा घेणाऱ्याला पिस्तूल बाळगता येत नाही. बदलतं ते एवढंच की आधीची तपासणी जाते आणि नंतर पकडल्यावरची शिक्षा उरते.

इथे नॉर्थ कॅरोलायनाची एक गुंतागुंत आहे, जी या वादात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. राज्यात दोन चाळण्या होत्या. पहिली, पिस्तूल विकत घेताना शेरीफची परवानगी. ही १९१९ पासूनची. मार्च २०२३ मध्ये तीच विधिमंडळाने रद्द केली. तेव्हापासून दुकानातून घेतलं तर तपासणी होते, पण शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्याकडून घेतलं तर होत नाही, कारण खाजगी विक्रीवर संघराज्याची सक्ती नाही. दुसरी चाळणी म्हणजे लपवून बाळगण्याचा परवाना. ती काढली की खाजगीत पिस्तूल घेऊन जॅकेटखाली लावणारा माणूस एकाही टेबलासमोर उभा राहत नाही. त्यात वय अठरा केलं की आणखी एक गाठ बसते. परवानाधारक दुकानदाराने एकविशीच्या आतल्या गिऱ्हाइकाला पिस्तूल विकू नये असं संघराज्याचा कायदा सांगतो. म्हणजे अठरा ते वीस वयाच्या मुलाकडे पिस्तूल येणार ते भेट म्हणून किंवा नेमकं त्या न तपासलेल्या खाजगी वाटेने. वय आणि परवाना हे दोन स्क्रू एकाच वेळी फिरवले की परिणाम बेरजेसारखा होत नाही, गुणाकारासारखा होतो. परवाना काढून वय २१च ठेवलं असतं तर ते बरंच वेगळं विधेयक झालं असतं.

समर्थकांची बाजूही पोकळ नाही. आठ तासांचा वर्ग, ९० डॉलर आणि कामावरून घेतलेल्या रजा हे शिफ्टमध्ये राबणाऱ्या, पाठलाग करणाऱ्या माजी नवऱ्याला भ्यालेल्या बाईला जड जातं, आणि तिला पिस्तूल आज हवं असतं, तीन महिन्यांनी नाही. उघड बाळगायला मोकळीक असताना झाकल्यावर गुन्हा, यातला तर्क खरोखरच मोडका आहे. मात्र "परवानाधारक सामान्य जनतेपेक्षा कमी गुन्हे करतात" हा त्यांचा आवडता मुद्दा इथे उलटा पडतो. ते आकडे चाळणीतून गेलेल्या लोकांचे आहेत. चाळणी काढायच्या बाजूने ते कसे वापरणार?

परवाना ऐच्छिक झालेल्या राज्यांतही हजारो लोक तो काढतात, आणि त्यामागे हौस नसते. सर्वात ठोस कारण शाळा. शाळेच्या आवारापासून १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, पिस्तूल बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. सूट आहे ती त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला. राज्याने परवाना काढून टाकला तर बाळगणं राज्यापुरतं कायदेशीर होतं, पण शाळेसमोरच्या सिग्नलला थांबलेल्या गाडीत भरलेलं पिस्तूल असेल तर संघराज्याच्या लेखी तो गुन्हाच. केरीसारख्या गावात नकाशावर शाळांभोवती हजार फुटांची वर्तुळं काढली तर वर्तुळं चुकवून किराणा आणायला जाणं अवघड होईल. खटले क्वचित होतात, पण कायदा जागच्या जागी आहे. नॉर्थ कॅरोलायनात परवान्याला आणखीही सवलती चिकटलेल्या आहेत: शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत कुलूपबंद ठेवता येणं, शाळा जोडलेल्या प्रार्थनास्थळात शाळेची वेळ सोडून नेता येणं, दुकानात पुन्हा तपासणीची वाट न पाहता पिस्तूल घेता येणं.

ज्या जागी न्यायची मनाई ती यादी हा माझ्या मते सगळ्यात ताकदीचा स्क्रू. ब्रुएननंतर न्यूयॉर्कने काय केलं पाहा. परवाना द्यावाच लागेल म्हटल्यावर १ सप्टेंबर २०२२ पासून १६ तासांचा वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार, चार जणांचे चारित्र्याचे दाखले, आणि मनाई असलेल्या जागांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी: टाइम्स स्क्वेअर, उद्यानं, बस-रेल्वे, दारू मिळते ती ठिकाणं. परवाना मिळतो, पण खिशात घेऊन जायचं कुठे? न्यू जर्सीनेही डिसेंबर २०२२ मध्ये फी २०० डॉलर करून असाच कायदा आणला. यातल्या बऱ्याच कलमांना कोर्टांनी स्थगिती दिली, काही परत जिवंत झाली. हवाईने खाजगी मालकीच्या पण लोकांना खुल्या जागांचा, म्हणजे दुकानं, उपाहारगृहं वगैरेंचा, नियमच उलटा केला. मालकाने स्पष्ट हो म्हटलं नसेल तर उत्तर नाही धरायचं. ऐकायला बारीक फरक वाटतो, पण बहुतेक दुकानदार कसलीच पाटी लावत नाहीत, त्यामुळे पाटी नसण्याचा अर्थ काय यावरच सगळा बाजार खुला किंवा बंद होतो. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतला.

टेक्ससमध्ये उलट बाजू दिसते. मनाई करायची तर मालकाने ठरावीक मजकुराची पाटी, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावायची. अक्षरं बारीक असतील तर पाटी निरर्थक. ज्या बारची ५१ टक्के कमाई दारूवर आहे तिथे लाल ५१चा फलक असतो आणि तिथे परवानाधारकालाही मनाई. मराठी मंडळांनी एवढं ध्यानात ठेवावं की अमेरिकेत गणेशोत्सव आणि दिवाळी अंक प्रकाशनं बहुधा भाड्याच्या शाळेच्या सभागृहात होतात. तिथे शाळेचेच नियम लागू, शनिवार असला तरी. पण कुणीतरी येतो आणि दारावर आठवतं म्हणून पिस्तूल गाडीच्या कप्प्यात टाकून आत जातो. गाड्यांतून चोरीला जाणाऱ्या पिस्तुलांची ही एक मोठी वाट आहे. मनाईच्या जागा वाढवल्या की गाडीत पडून राहणारी पिस्तुलं वाढतात, हा त्या यादीचा न लिहिलेला खर्च. गाडीला पक्कं बसवलेली, कुलूपाची पेटी हा त्यावरचा साधा उपाय, आणि फारच थोडी विधेयकं ती सक्तीची करतात.

राज्याबाहेर पाऊल टाकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. समजा केरीचा परवानाधारक आय-९५ महामार्गाने न्यू जर्सीतल्या एडिसनला निघाला. व्हर्जिनियात त्याचा परवाना चालतो. मेरीलँड कुठल्याही राज्याचा मानत नाही. डेलावेअर मानतं. न्यू जर्सी मानत नाही, आणि तिथे स्वसंरक्षणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्यांवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवरही निर्बंध आहेत. १९८६चा संघराज्याचा कायदा वाटेतल्या राज्यांतून जाताना संरक्षण देतो, पण पिस्तूल रिकामं असेल आणि ते व गोळ्या दोन्ही हाताशी येणार नाहीत अशा, म्हणजे बहुधा डिकीत, असतील तरच, शिवाय जिथे पोचायचं तिथेही बाळगणं कायदेशीर असलं तरच. एडिसनला मुक्काम असेल तर हे संरक्षण तिथेच कोलमडतं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका परवानाधारक बाईने न्यू जर्सीत गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला स्वतःहून परवाना दाखवला आणि अटक ओढवून घेतली. सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर आली. शेवटी २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. पेनसिल्व्हेनियात तिचा परवाना २० डॉलरचा आणि बिनप्रशिक्षणाचा होता. नदीपलीकडे तो कागदाचा तुकडा.

हा घोळ मिटवायला अमेरिकेच्या काँग्रेससमोर, म्हणजे संघराज्याच्या संसदेसमोर, हाउस बिल ३८ आलं: आपल्या राज्यात लपवून बाळगू शकणाऱ्याला इतर राज्यांतही बाळगता यावं. २०१७ मध्ये असंच विधेयक प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर होऊन सेनेटमध्ये विरलं. जानेवारी २०२५ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाचेच खासदार रिचर्ड हडसन यांनी पुन्हा मांडलं. समर्थक वाहन-परवान्याचं उदाहरण देतात. ते अर्धंच लागू पडतं. गाडीसाठी सगळीकडे डोळे तपासतात, परीक्षा घेतात. इथे एका राज्यात १८ तासांचं प्रशिक्षण आणि दुसऱ्यात शून्य. किमान समान प्रशिक्षण ठरवून मगच परस्पर मान्यता, असा मधला मार्ग दिसतो, पण दोन्ही पक्षांच्या कडव्या लोकांना तो नको आहे: एकांना किमान नको, दुसऱ्यांना मान्यता नको.

परवाना सोपा झाला की गुन्हे वाढतात की घटतात? १९९७ मध्ये संशोधक जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी घटतात असा निष्कर्ष काढला. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपलब्ध पुराव्यावरून काहीच ठामपणे सांगता येत नाही असं म्हटलं. २०१९ मध्ये जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे कायदे आल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अन्यथा झाले असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्के जास्त निघाले. अलीकडचा कल वाढीच्या बाजूला आहे. पण या सगळ्यात अभ्यासलेला बदल "मर्जी" पासून "द्यावाच लागेल" इथपर्यंतचा आहे. परवानाच रद्द करण्याचा बदल बहुतेक राज्यांत अगदी अलीकडचा, त्यामुळे टीव्हीवर कुणी जुना आकडा त्यासाठी वापरला तर थांबवून विचारावं. आणि २०२३ मध्ये बंदुकीने झालेल्या ४६,७२८ मृत्यूंपैकी २७,३०० आत्महत्या होत्या. रस्त्यावर पिस्तूल कसं न्यावं याच्या कायद्याचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही.

व्हिसावरच्या मराठी माणसांसाठी हा सगळा वाद वेगळ्याच जागी संपतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला पिस्तूलच नव्हे, एक गोळीही बाळगता येत नाही. कमाल शिक्षा १५ वर्षं, आणि वर व्हिसा जातो. गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर मित्रांबरोबर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही यातच येतं. वैध शिकार-परवाना असेल तर सूट मिळते, म्हणून काही जण तो आधी काढतात. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. नॉर्थ कॅरोलायनाचा सध्याचा परवाना त्यांना मिळू शकतो. पण सेनेट बिल ५०चा मजकूर नागरिकांपुरता आहे. म्हणजे ते अमलात आलं तरी ग्रीनकार्डधारकाला शेरीफच्या रांगेतूनच जावं लागेल. पोलिसाने थांबवल्यावर पिस्तूल असल्याचं विचारायच्या आधी स्वतःहून सांगायचं, हाही परवाना घेणाऱ्यावरचा बंधनकारक नियम.

विधेयक वाचायला घ्याल तेव्हा शेवटच्या कलमापासून सुरुवात करा. नॉर्थ कॅरोलायनात फौजदारी बदल बहुधा १ डिसेंबरपासून लागू करतात, आणि त्याखालीच लिहिलेलं असतं की आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले तसेच चालू राहतील. ३० नोव्हेंबरला घातलेल्या जॅकेटला जुनाच कायदा लागतो.